डाग असलेल्या वांग्याच्या बाजूने

छोट्या शेतकऱ्याकडून थेट, रासायनिक औषधं न मारलेली भाजी घेणं हे शहरातल्या सुखवस्तू लोकांचं खूळ आहे, असं आता बरेच जण ठामपणे सांगू लागले आहेत. त्यांत अर्थशास्त्र शिकवणारे आहेत, कृषी खात्यात नोकरी केलेले आहेत आणि स्वतः शेती करणारेही आहेत. मुद्दे साधारण ठरलेले असतात. एवढ्याशा विक्रीने शेतकऱ्याचं भलं होत नाही. सेंद्रिय असल्याचा पुरावा कुणाकडे नसतो. भाजी महाग पडते. मधला व्यापारी उगाच बदनाम होतो. आणि खतं-औषधं सोडली तर देश खाणार काय? यातले काही मुद्दे बऱ्याच अंशी खरे आहेत आणि ते मान्य करायला मला अडचण वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. भाजीवर एवढं औषध मारलं का जातं, हा प्रश्न या मंडळींच्या मांडणीत कुठेच येत नाही. तो विचारला की बाकीच्या मुद्द्यांचा अर्थ बदलतो.

वांग्याचं पीक घ्या. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ही वांग्याची सगळ्यात मोठी वैरीण. अळी एकदा फळात शिरली की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती शिरण्याआधीच फवारत राहतो, कीड दिसो वा न दिसो. याच अळीसाठी बीटी वांगं आणलं गेलं होतं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. बीटीवर तेव्हा खूप वाद झाला. पण वांग्याला एकही भोक चालणार नाही हे ठरवतं कोण, यावर फारसं कुणी बोललं नाही. ते ठरतं मार्केट यार्डात. पहाटे क्रेट उघडला जातो, वरच्या थरात चार किडकी वांगी दिसली की सगळ्या मालाचा दर खाली येतो. शेतकऱ्याने तीन महिने एकही विषारी फवारणी केली नाही, निंबोळी अर्क आणि कामगंध सापळ्यांवर भागवलं, हे सांगायला लिलावात जागा नाही. तिथे मालाचा रंग, आकार आणि चकाकी बोलते. औषध न मारणाऱ्याला त्या बाजारात दुहेरी फटका बसतो: माल कमी निघतो आणि निघालेल्याला दरही कमी मिळतो.

भेंडीचं दुखणं आणखी वेगळं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये ते औषधाच्या डब्यावरच्या माहितीत छापलेलं असतं, आणि कित्येक औषधांना तो काळ एका दिवसाहून बराच जास्त असतो. तोडा चुकवला तर माल वाया, थांबला नाही तर औषध गिऱ्हाइकाच्या ताटात. दहा-वीस गुंठ्यांवर घर चालवणारा माणूस यातलं काय निवडणार? त्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण ही निवड त्याच्यापुढे ठेवली आहे ती डागाला घाबरणाऱ्या, बारा महिने हिरवीगार भेंडी मागणाऱ्या आपण गिऱ्हाइकांनी.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: भाजीपाल्यातली विषमुक्त शेती शेतकऱ्याच्या एकट्याच्या निश्चयावर उभी राहू शकत नाही. डागाचा माल घेईन, कमी निघालं तर कमी घेईन, दर आधी ठरवीन आणि भाव चढले-पडले तरी तो मोडणार नाही, असं सांगणारा घेणारा समोर असेल तरच छोट्या शेतकऱ्याला पंप खाली ठेवणं परवडतं. थेट खरेदीचं महत्त्व इथे आहे. जपानमध्ये १९७१ साली सेंद्रिय शेती संघटना उभी राहिली आणि 'तेइकेई' नावाने शेतकरी-ग्राहक भागीदारीची चळवळ वाढली. तिने पुढे स्वतःसाठी दहा तत्त्वं ठरवली. त्यांतलं एक असं, की शेतकऱ्याने पाठवलेला सगळा माल ग्राहकाने स्वीकारायचा. हे कलम तिथे भावनेपोटी आलेलं नाही. ते नसेल तर बाकीची नऊ कागदावरच राहतील.

आता आक्षेपांकडे येतो.

खुळाचा आक्षेप आधी. शेतकऱ्याने आपला माल आपल्या हाताने खाणाऱ्याला विकणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. आठवडी बाजार त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचे. वसईच्या बाया पहिल्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईत यायच्या आणि घरं ठरलेली असायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही आपल्या परसातलं घेऊन बसणाऱ्या बायका भेटतात. आणि सरकारांनी ही रीत जिथे मनावर घेतली तिथे ती श्रीमंतांसाठी घेतली नाही. पंजाबात १९८७ मध्ये 'अपनी मंडी' सुरू झाली. आंध्रात १९९९ च्या जानेवारीत 'रयतू बाजार' आले, त्याच वर्षी नोव्हेंबरात मदुराईत पहिली 'उळवर संदै' उघडली. तिथे पिशवी घेऊन उभे राहणारे लोक रिक्षावाले, कारकून, शिक्षक असे असतात. तिथली सगळी भाजी सेंद्रिय नसते हे खरं. पण थेट खरेदी ही मूठभरांची चैन आहे, हा दावा या बाजारांपुढे टिकत नाही.

आणि विषमुक्त भाजीची गरज मुळात कुणाला आहे? खाणाऱ्याच्या ताटात औषधाचा अंश येतो. फवारणाऱ्याच्या अंगावर पंपच गळत असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात होते. कपाशी म्हणजे भाजी नव्हे, हे मला कळतं. पण पाठीवरचा पंप तोच, तोंडाला गुंडाळलेलं फडकं तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फवारलेल्या वाफ्यात तोडणीला जाणारी बाई मजुरीवर जगते. औषध थांबलं तर सर्वांत आधी सुटका तिची होते. याला श्रीमंतांचं खूळ म्हणणाऱ्यांनी त्या वाफ्यात एक दिवस काढावा, एवढीच माझी विनंती आहे.

आरोग्याच्या दाव्यांबाबत मात्र आमच्या बाजूच्या लोकांनी जिभेला आवर घालायला हवा. सेंद्रिय भाजीत जीवनसत्त्वं दुप्पट असतात, तिने मोठमोठे आजार बरे होतात, असं जे सांगितलं जातं त्याला आधार नाही. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र तपासले. पोषणमूल्यात मोठा फरक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही, आणि विरोधक तेवढंच वाक्य उचलतात. त्याच निबंधात पुढे आहे की कीटकनाशकांचे अंश सेंद्रिय मालाच्या ७ टक्के नमुन्यांत सापडले आणि नेहमीच्या मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत. मला दुसरं वाक्य पुरेसं आहे. वांग्याकडून मी औषधाची अपेक्षा करत नाही. त्यात औषध नसावं, एवढीच करतो.

पुराव्याचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. सेंद्रियच्या नावाखाली फसवणूक होते, सर्रास होते. मार्केट यार्डातून माल उचलायचा, तागाच्या पिशवीत भरायचा, मातीच्या रंगाचं लेबल लावायचं आणि दुप्पट दराने विकायचा, हा धंदा आपल्या शहरांत चालतो. म्हणून प्रमाणपत्राशिवाय काही घेऊ नका, असा सल्ला मिळतो. पण प्रमाणपत्राचा इतिहासही पाहा. आपली राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणन व्यवस्था २००१ पासून आहे, मुख्यतः निर्यातीसाठी उभी केलेली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने तिची मान्यता काढून घेत असल्याचं जाहीर केलं, कारण तिच्यावरची देखरेख त्यांना पुरेशी वाटली नाही. शिक्का आहे म्हणजे शंका संपली असं नाही.

छोट्या शेतकऱ्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती सरकारमान्य आहे. सहभागी हमी पद्धतीत, म्हणजे 'पीजीएस'मध्ये, किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतो, नोंदी ठेवतो आणि एकाने लबाडी केली तर गटाची अब्रू जाते. बांधाला बांध लागलेल्या माणसापासून रात्री मारलेली फवारणी लपत नाही. तिचा वास येतो. शेत सेंद्रिय होईपर्यंतच्या रूपांतराच्या काळात हा माल 'पीजीएस ग्रीन' आणि तो काळ पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' म्हणून विकता येतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनी तर वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला, तो थेट खाणाऱ्याला विकत असेल तर, प्रमाणपत्राच्या अटीतून सूट दिली. कायदा करणाऱ्यांनाही हे पटलं, की शेताची वाट माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला काही प्रमाणात स्वतः पडताळणी करता येते.

काही प्रमाणात, हे मी मुद्दाम म्हणतो. नुसतं शेतावर सहलीला जाऊन, हुरडा खाऊन आणि बैलाबरोबर फोटो काढून औषधाचा अंश कळत नाही. तो प्रयोगशाळेत कळतो आणि एका नमुन्याच्या सविस्तर तपासणीला काही हजार रुपये पडतात. एका शेतकऱ्याला तो खर्च जड जातो. चाळीस कुटुंबांनी वर्गणी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला एका वेळच्या चहा-नाश्त्याइतकी रक्कम येते. न सांगता, वर्षातून दोनदा, कुठलीही भाजी उचलून तपासायला द्यावी. खऱ्या शेतकऱ्याला याचा राग येत नाही.

त्याहून सोपी ओळखही आहे, तिला पैसे लागत नाहीत. यादी पाहावी. जो मे महिन्यात फ्लॉवर देतो, भर पावसात कोथिंबिरीच्या टवटवीत जुड्या देतो, दर आठवड्याला पंचवीस भाज्या हजर ठेवतो आणि वर सफरचंदंही विकतो, तो शेतकरी नाही, दुकानदार आहे. पुण्याच्या आसपासच्या छोट्या शेताची यादी तुटकी असते. आषाढ-श्रावणात पालेभाजी सडते. तेव्हा दोडका, पडवळ, कारली, भोपळा यांवर भागवायचं आणि मावळाकडचं कुणी गटात असेल तर टाकळा, कुर्डू, फोडशी मिळते. दिवाळीनंतर चंगळ: मेथी, मुळा, गाजर, वालपापडी, मटार, पावटा. फाल्गुन सरला की पाणी आटतं, पालेभाजी कडवट आणि कमी येते, गवार आणि काकडी राहते. सलग दोन आठवडे फक्त भोपळा आणि दोडका आला म्हणून ज्या घरात कुरकुर सुरू होते, त्या घराने थेट खरेदीच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्या कुरकुरीपोटीच तो शेतकरी एक दिवस गुपचूप मार्केटमधून कोबी आणून पिशवीत घालतो.

महागाईबद्दल बोलताना कुठल्या दिवसाचा बाजारभाव शेजारी ठेवायचा, हे आधी ठरवावं लागतं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता. सप्टेंबरात नाशिककडे तो किलोला काही रुपयांवर आला आणि शेतकरी क्रेट रस्त्याकडेला ओतत होते. हंगामभर एकच दर ठरवून घेणाऱ्या गटाने जुलैत स्वस्त टोमॅटो खाल्ला आणि सप्टेंबरात महाग. वर्षाचा हिशेब मांडला तर फरक उरतो, पण डोळे पांढरे व्हावेत इतका नाही. उरतो तो मजुरीचा. तणनाशक वापरलं नाही की खुरपणीला बाया लागतात, आणि बायांना मजुरी द्यावी लागते. ही भाजी ज्यांना परवडत नाही अशी घरं आपल्या शहरांत असंख्य आहेत, हे मी नाकारत नाही. पण परवडत असूनही घासाघीस करणारे त्याहून जास्त भेटतात. हॉटेलात एका पनीरच्या भाजीला अडीचशे रुपये देताना त्यांच्या कपाळाला आठी पडत नाही.

आमच्या बाजूचा एक लाडका दावा मात्र मी खोडून काढू इच्छितो: मधला माणूस काढला की शेतकऱ्याला जास्त मिळतं आणि गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासनिबंधानुसार गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयातले टोमॅटोच्या शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे मिळतात, कांद्याच्या ३६, बटाट्याच्या ३७. हा आकडा दाखवून उरलेले सगळे पैसे लूट आहेत असं सांगितलं जातं. ते खरं नाही. त्यात गाडीभाडं आहे, हमाली, तोलाई आहे, वाटेत सडलेला माल आहे, हातगाडीवाल्याचा दिवसभराचा उन्हातला रोज आहे. आडत्या अडीअडचणीला उचल देतो, म्हाताऱ्याच्या ऑपरेशनला रात्री पैसे देतो. बँक देत नाही. ही कामं कुणाला तरी करावीच लागतात. थेट खरेदीत ती शेतकऱ्यावर ढकलली, त्यालाच टेम्पो चालवायला लावला, निवडणं, पॅकिंग, मेसेज, पैशांचा तगादा सगळं त्याच्या बायकोच्या गळ्यात घातलं, तर तो दोन हंगामांत थकतो. असे थकून बंद पडलेले प्रयत्न मी पाहिले आहेत. ती कामं गिऱ्हाइकांच्या गटाने वाटून घ्यायची असतात. एका ठिकाणी माल उतरवून घ्यायचा, तिथेच वाटप करायचं, उरलेलं जबाबदारीने संपवायचं आणि पैसे आगाऊ द्यायचे.

पण व्यापाऱ्याची बाजू घेणाऱ्यांनी हेही पाहावं, की आजच्या साखळीत सगळी जोखीम एकाच टोकाला साचते. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असं ठरवलं. त्यानंतर सात वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. दर मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीत उरले २ रुपये ४९ पैसे, आणि हातात आला दोन रुपयांचा चेक. त्या साखळीत हमालाला त्याचं मिळालं, गाडीवाल्याला मिळालं, तोलणाऱ्याला मिळालं. ते मिळायलाच हवं होतं. ज्याने चार महिने पाणी दिलं त्याला काही मिळालं नाही. थेट खरेदीवर टीका करताना या पट्टीचं काय, हे सांगण्याची जबाबदारी टीकाकारांवर आहे.

राहिला देश उपाशी मरण्याचा मुद्दा. इथे श्रीलंकेचं उदाहरण हमखास येतं. तिथल्या सरकारने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन घसरलं आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. तो अत्यंत बेजबाबदार निर्णय होता. पण आदल्या दिवशीपर्यंत युरियावर चाललेल्या देशाला हुकमाने सेंद्रिय करणं आणि वीस गुंठ्यांच्या माळव्याला चाळीस घरांनी आधार देणं यांत साम्य कुठे आहे? सेंद्रिय शेतीत उत्पादन घटतं, हेही मी मान्य करतो. २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात ही घट पीक आणि पद्धतीनुसार ५ ते ३४ टक्के दिसली होती. गहू-तांदळाच्या बाबतीत या आकड्याचा विचार गंभीरपणेच करावा लागेल. भाजीपाल्याची गोष्ट निराळी आहे. कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियानाच्या संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार आपल्याकडे तोडणीनंतर १२ टक्क्यांहून अधिक टोमॅटो वाया जातो, आणि भाव पडल्यावर शेतातच नांगरला जातो तो वेगळा. ज्या पिकाचे क्रेट रस्त्यावर ओतावे लागतात, त्या पिकात थोडं कमी निघेल म्हणून देश उपाशी मरत नाही. आपल्या देशातल्या ८६ टक्के खातेदार शेतकऱ्यांची जमीन दोन हेक्टरांच्या आतली आहे. त्यांतल्या थोड्यांनी जरी शहराजवळ औषधाविना भाजी पिकवली, तरी अन्नसुरक्षेला धक्का लागणार नाही.

पहिली दोन-तीन वर्षं घट सर्वांत जास्त जाणवते. जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढायला, मित्रकीटक परत यायला वेळ लागतो. नेमका हाच काळ छोट्या शेतकऱ्याला ओलांडता येत नाही, कारण या काळात त्याचा माल कमी, डागाळलेला आणि बिनशिक्क्याचा असतो. मदत तेव्हाच हवी. तीन वर्षांनी 'ऑरगॅनिक' छापून आल्यावर घ्यायला मॉलवालेही येतील.

आणि ही मदत अडते फार क्षुल्लक गोष्टींपाशी. दहा मिनिटांत किराणा आणून देणाऱ्या मुलाला सोसायटीचं फाटक उघडतं. शनिवारी सकाळी दोन तास टेम्पो उभा करायचा म्हटलं की समितीची सभा, पार्किंगचा नियम आणि 'बाहेरचे लोक' यांवर चर्चा सुरू होते. पणन मंडळाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, काही नीट चालले, पण जागेचा प्रश्न सगळीकडे अडतो. महापालिकेच्या शाळांची मैदानं रविवारी रिकामी असतात. मंडईसाठी राखलेल्या भूखंडांवर भलतंच काही उभं राहतं. आपल्या नगरसेवकाकडे रविवारच्या चार तासांसाठी एक मैदान मागावं, आणि ज्यांना हे पटलं आहे त्यांनी येत्या सप्टेंबरात, रब्बीची रोपं टाकण्याआधी, एखाद्या पाच जणांच्या गटाशी बसून दर ठरवावा आणि तीन महिन्यांचे पैसे त्याच बैठकीत द्यावेत.